बेथियाने बसवलेला दगड

मी एका थडग्यावरचा दगड बोलतोय. तोंड बरीच वर्षं मातीत होतं, तेव्हा आवाज जरा घोगरा येईल, सांभाळून घ्या.

स्कॉटलंडातल्या अँगस परगण्याच्या खाणीतला मी लाल दगड. बेथिया ऑख्तरलोनी नावाच्या कोळ्याच्या लेकीने मला घडवून घेतलं. मजकूर ऐकून पाथरवट हसला.

"अगं, 'आई, बाप आणि दोन वर्षांची बेथिया इथे निजली' म्हणतेस, आणि वर 'दगड बसवला बेथियाने'? मेलेली पोर दगड बसवते होय?"

"ती माझी थोरली बहीण. ती गेली, मग मी झाले. आजीचं नाव वाया जाऊ देतात का?"

खाली तिने पुढच्यांसाठी जागा सोडली. पण पुढची पिढी गाव सोडून गेली. मी कलायला लागलो, तेव्हा कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून मला पालथं घातलं. मग लोक माझ्यावर बसून डबे खाऊ लागले. माणसांना बसायला जागा मिळाली की ती कुणाची, हे विचारत नाहीत.

गेल्या वसंतात युफी आणि तिचा धाकटा भाऊ डूगल असेच येऊन बसले. पिशवीत त्यांच्या आईची राख होती. "मला माझ्या माणसांत ठेवा," एवढंच ती जाताना म्हणाली होती.

"चर्चच्या दप्तरात आईच्या घराण्याचं नाव कुठे ऑख्तरलोनी, कुठे ओक्टरलोनी, कुठे अफ्टरलोनी," डूगल वैतागला. "ही एकच माणसं कशावरून?"

"कानावर पडेल तसं लिहायचे रे. पूर्वेच्या भिंतीलगत पुरलंय, हे तर सगळीकडे सारखं आहे ना?"

"आणि आपली पणजी बेथिया दोन वर्षांची असतानाच मेली, हेही तिथेच लिहिलंय! मग आपण काय आभाळातून पडलो? भलत्यांच्याच घरात शिरतोय आपण. चल, आईला समुद्रात सोडू."

दोघी बेथियांची नावं माझ्या पालथ्या तोंडावर, आणि बोलायची सोय नाही!

चहा ओतता ओतता युफी थांबली. "डूगल, तू तरी पहिला डूगल कुठे आहेस?"

डूगलच्या आधीचा भाऊ तान्हेपणीच गेला होता. त्याचंच नाव याला ठेवलं होतं. डूगल उठला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "मग पूर्वेच्या भिंतीलगतचा हा पालथा कोण आहे, ते तरी बघू."

आठवड्याने गड्यांनी पहारी लावून मला उलटवलं. डूगलने दोन्ही बेथियांवरून बोट फिरवलं. आज मी उभा आहे, आणि मोकळ्या जागेत त्यांच्या आईचं नाव आहे. तुम्हीही पालथ्या दगडावर खुशाल बसा. उठताना मात्र त्याची एकदा चौकशी करा.

त्या दिवशी आईला ठेवून झाल्यावर युफी निघाली. डूगलचा पाय निघेना.

"युफी," तो म्हणाला, "त्या पहिल्या डूगलला कुठे ठेवलंय गं?"