जसाच्या तसा ट्रक

हॉलिस प्रुइटने ट्रकखालून हात बाहेर काढला आणि चाचपडत पान्हा शोधला. पान्हा त्याच्या हातात सरकवून युनियनचा अध्यक्ष स्टार्की पुन्हा उलट्या बादलीवर बसला. जुलैचा शनिवार होता, तरी गॅरेजचं दार आतून बंद होतं. दोघांचेही शर्ट पाठीला चिकटले होते.

"अजून किती?"

"मागच्या चाकांकडचं झालं. आता वायरिंग."

"अरे बाबा, मी नुसती नजर टाक म्हटलं होतं. हा तिसरा शनिवार."

हॉलिस बाहेर आला आणि बॉनेटमध्ये वाकला. इंजिनामागे वायरींची जुडी पत्र्याच्या धारेवर घासत होती. त्याने बोटभर रबराची नळी चिरून जुडीवर चढवली आणि पट्टीने आवळली. दोन मिनिटांचं काम. हे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात शेवटच्या तपासणीवर त्याची एकोणीस वर्षं गेली होती. ही घासणारी जुडी तो मार्चपासून रोज पाहत होता, रोज लाल चिठ्ठी लावत होता, आणि फोरमन ती रोज फाडत होता. चिठ्ठी लागलेला ट्रक बाजूला घ्यावा लागे, आणि बाजूला घेतलेला ट्रक दिवसाच्या आकड्यात धरत नसत.

"जत्रेतल्या शर्यतीच्या नियमात काय लिहिलंय?" हॉलिसने मान वर न करता विचारलं.

"दोन्ही ट्रक विक्रेत्याकडून जसे आले तसे, जसेच्या तसे. माहितीये मला. मीच लिहिलाय तो नियम." स्टार्कीने कप जमिनीवर ठेवला. "हॉलिस, आपली नऊशे माणसं काम जाऊन घरी बसलीत. जपानी गाडी कधी बंद पडत नाही, हे त्यांना त्यांचेच मेव्हणे जेवताना ऐकवतात. एकदा लोकांच्या डोळ्यांदेखत आपला ट्रक जिंकू दे. एकदाच."

हॉलिसने प्रत्येक बोल्ट सोडवून पुन्हा आवळला, दारांच्या बिजागऱ्या सरळ केल्या, ब्रेकच्या नळ्या पुसून पाहिल्या. कारखान्याच्या फाटकातून असाच ट्रक बाहेर पडावा, असं त्याला कित्येक वर्षं वाटत आलं होतं. खोटं सांगायचं कारण नाही, त्या तीन शनिवारी तो सुखात होता.

ऑगस्टमध्ये जत्रेच्या मैदानावर, घोड्यांच्या शर्यतीच्या मातीच्या वाटेवर, दोन ट्रक गोल फिरू लागले. दोघांच्याही मागे विटांनी भरलेली सारखीच गाडी जोडलेली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, सहा दिवस. जो थांबेल तो हरला. जपानी ट्रक ओहायोतल्या एका विक्रेत्याच्या अंगणातून थेट आणला होता. त्याला कोणाचा हात लागला नव्हता. चार दिवस तो विनातक्रार फिरला. हॉलिस रोज कुंपणाशी उभा राहून त्याचा आवाज ऐके, आणि त्या आवाजात त्याला नाव ठेवायला काही सापडत नसे.

पाचव्या दिवशी दुपारी जपानी ट्रकचा क्लच जळाला. तो थांबला, खालून धूर आला, आणि मैदान उसळलं. बायकांनी टोप्या उडवल्या. स्टार्की भोंग्यावर काहीतरी ओरडला, पण गोंगाटात ते कोणाला ऐकू गेलं नाही. चौदा महिने घरी बसलेला ड्वेन रिकेट कुंपणावरून उडी मारून वाटेवर धावला आणि आपल्या ट्रकच्या तापलेल्या बॉनेटला त्याने मिठी मारली.

ड्वेनची मोठी बहीण नेव्हा हॉलिसशेजारीच उभी होती. ती त्याची शेजारीण. खेड्यापाड्यांतलं टपाल ती स्वतःच्या ट्रकमधून वाटायची, आणि तो ट्रक जपानी होता. एक लाख तीस हजार मैल झाले होते. युनियनच्या कचेरीत टपाल द्यायला गेली की तिला ट्रक रस्त्यापलीकडे लावावा लागे. आवारात परदेशी गाड्यांना बंदी होती, आणि मुद्दाम मोठ्याने मारलेले टोमणे वेगळेच.

"बघ कसा नाचतोय," ती भावाकडे पाहत म्हणाली. मग हळूच, "हॉलिस, माझा आता म्हातारा झालाय. असाच नवा घेऊ का? तू सांगितलंस तर घेते. बाकी कोणाचं मी ऐकणार नाही."

स्टार्की चार पावलांवर होता. त्याने मान वळवली.

"चांगला ट्रक आहे," हॉलिस म्हणाला. समोर उभ्या असलेल्या त्या एका ट्रकबद्दल ते खरं होतं.

सोमवारी त्याने अकरा ट्रकना लाल चिठ्ठ्या लावल्या. फोरमनने त्या एकेक करत काढल्या, आणि या वेळी तो चिडलासुद्धा नाही. "काय रे, हाच ट्रक जिंकला ना परवा?" तो हसत म्हणाला. "तूच तर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होतास."

मागणी खरोखर वाढली. ऑक्टोबरात दुसरी पाळी सुरू झाली आणि परत बोलावलेल्या पहिल्या शंभरांत ड्वेनचं नाव होतं. त्याच आठवड्यात नेव्हाने निळा, नवाकोरा ट्रक आणून दारात लावला आणि हॉलिसला हाक मारली.

हॉलिस ट्रकभोवती एक फेरी मारून आला. "एखाद्या दिवशी माझ्याकडे ठेव. बघून देतो."

"नव्या ट्रकला काय बघायचंय?"

"सहज. बघितलेलं बरं."

"तू ना, चर्चमध्ये गेलास तरी बाकांचे स्क्रू तपासशील," ती हसली. "सहाही दिवस टपाल असतं बाबा. रविवारी मलाही जरा पाठ टेकू दे."

त्याने पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारलं. तिने पुन्हा हसून सोडून दिलं. कारण सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सुरू करायचं म्हटलं की त्याला बॉनेटला मिठी मारणारा ड्वेन दिसायचा.

नोव्हेंबरात, बर्फाचा पाऊस लागलेला असताना, नेव्हाचा ट्रक वस्तीपासून चार मैलांवर बंद पडला. इंजिन गेलं, दिवे गेले, सगळं एकदम. भिजू नये म्हणून टपालाची थैली तिने आपल्या कोटाखाली घेतली आणि चालत निघाली. उजव्या हाताची दोन बोटं गारठून काळीनिळी पडली. राहतील, पण त्यांच्यातली जाण परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

ओढून आणलेला ट्रक हॉलिसच्या अंगणात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बॉनेट उघडलं. बॅटरी पाहिली नाही, इंजिन पाहिलं नाही; त्याची नजर थेट इंजिनामागे गेली. पत्र्याच्या धारेवर जुडी कापली गेली होती आणि वायरी जळून एकमेकींना चिकटल्या होत्या. नेव्हा बँडेज बांधलेला हात छातीशी धरून शेजारी उभी होती. ती जुडीकडे पाहत नव्हती, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"तू शोधलंसही नाहीस," ती म्हणाली. "कुठे बघायचं ते तुला माहीत होतं."

"हो."

"जत्रेतल्या ट्रकलाही हे होतं?"

"होतं. मी नीट केलं. हे, आणि बाकीचंही. तीन शनिवार लागले."

"म्हणजे जसाच्या तसा..."

"नव्हता."

ती काही बोलणार, एवढ्यात फाटक वाजलं. पाळीवर निघालेला ड्वेन कारखान्याचं जाकीट घालून, डब्याची पेटी हलवत आत आला. त्याचं वजन वाढलं होतं, दाढी गुळगुळीत केलेली होती.

"कशी आहेत बोटं? आणि याला काय झालं गं? कामावर सगळे विचारतायत."

हॉलिसने तोंड उघडलं. नेव्हाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"काही नाही रे," ती म्हणाली. "पेट्रोल संपलं. काट्याकडे लक्षच नव्हतं माझं. हॉलिस उगाच उघडून बसलाय."

"पेट्रोल!" ड्वेन मान मागे टाकून हसला. "अगं, घासभर पेट्रोलवर चालणारी ती जपानी टमरेलं नव्हेत ही! आणि ऐक, टपाल कचेरीत सांगून ठेव हं, ट्रकचा दोष नव्हता म्हणून. तुझ्याबरोबरचे चौघे हाच ट्रक घ्यायचं म्हणतायत ना?"

"सांगते."

"बघ हं. आत्ता कुठे बरे दिवस आलेत." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं, हॉलिसला हात केला आणि शीळ घालत निघून गेला.

फाटक लागल्यावर नेव्हा म्हणाली, "त्या चौघांनी ट्रक घेतले की त्यांनाही तुझ्याकडे पाठवते. नीट करून दे. कारण काय वाटेल ते सांग."

"पाठव," हॉलिस म्हणाला. मग त्याने विचारलं, "आणि बाकीचे ट्रक?"

"बाकीचे तूच पास करतोस," नेव्हा म्हणाली, आणि हात छातीशी धरून आपल्या घराकडे चालू लागली.