चौकशी करायची तर रानात करा

रोगानं मेंढरं मेली आणि विंझरचा हैबती धनगर भोरला भाताच्या गिरणीत रखवालदारी मागायला गेला. गिरणीचे कारभारी आनंदराव यांनी रिवाजाप्रमाणे विंझरच्या चावडीवर चौकशी केली. पाटील म्हणाला, "चोर आहे. गावात कधी दिसत नाही, म्हणजे कुठंतरी डल्ला मारतच असणार."

खरं कारण निराळं. जत्रेला पाटलानं फुकट बकरं मागितलं होतं, हैबतीनं दिलं नव्हतं. असल्या माणसाच्या जिभेवर गरिबाची भाकरी टांगलेली!

आनंदरावांनी तोंडावर सांगितलं, "नोकरी नाही."

हैबती भडकला. "राव, मेंढक्याची चौकशी चावडीत करत्यात व्हय? म्या गावात ऱ्हातो कवा? खतासाठी ज्यांच्या रानात मेंढरं बसवली, त्यांना इचारा. चला भोंगवलीला. एक जरी वंगाळ बोलला, तर पुन्हा तोंड दावनार न्हाई."

आनंदराव गाडीत बसले, हैबती बैलांच्या पुढं चालला.

भोंगवलीत ठकुबाई खुरपत होती. आनंदरावांनी दबक्या आवाजात विचारलं, "बाई, हा माणूस कसा आहे?"

"आन् तुमी कोन? तुमची चौकशी कुनी केली?" ठकुबाई खुरपं घेऊनच उठली. "नवरा मेला त्या साली ह्याची मेंढरं माज्या वावरात हुती. बांधाला लागून जोंधळा उभा. एका ताटाला तोंड लागलं न्हाई. कनसांचा ढीग उघड्यावर पडल्याला, त्यो बी ह्यानंच राखला."

तिनं बांधावरून हाळी दिली, "हैबती आला गं!"

माणसं धावली. मेंढरं बसवायलाच आला असं समजून भांडायला लागली.

"औंदा माज्या रानात!"

"गप ए, मागल्या साली तुज्यातच बसली हुती!"

"मेंढरं गेली, बाबांनो," हैबती म्हणाला. "गिरणीत नोकरी मागतोय. पाटलानं मला चोर म्हनून सांगितलंय."

सगळे आनंदरावांकडं वळले. म्हातारा कुंडलिक पुढं झाला.

"राव, आमचं भात तुमच्याच गिरणीत येतं. पोत्याला हात कोन घालतं आन् कोन न्हाई, ते आमाला ठावं हाय. ह्याला ठेवलं तर भात येईल. न्हाईतर न्हाई."

आनंदरावांनी घाम पुसला. "ठेवला! हैबती, उद्या येऊन किल्ल्या घे."

"उद्या कशाला?" हैबतीनं हात पुढं केला. "आताच द्या. मानसं हायेत तवर."

आनंदरावांनी कमरेचा जुडगा सोडून दिला. बांधावर एकच गलका झाला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"