सरपणाची वाट

फेझच्या जुन्या शहरात वाटाड्याचा बिल्ला हवा असेल, तर परीक्षकांना पाहुण्यांसारखं फिरवून दाखवावं लागे. बाब गिसाच्या वेशीपासून निघायचं आणि दुपारच्या अजानच्या आत नेज्जारीनच्या कारंज्यापाशी पोचायचं. रस्ता कुणालाही विचारायचा नाही. शामा गेल्या वर्षी चुकली होती. आज चुकली, तर पुन्हा परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"आज मी परदेशी पाहुणा," परीक्षक सी लहबाबी म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी वाटाड्याचंच काम केलेलं. "मला काहीच कळत नाही, असं समज."

"ते समजायला तिला जड जायचं नाही," सोबतच्या लल्ला उम्हानी म्हणाल्या. त्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या दुसऱ्या परीक्षक.

शामा हसली आणि चालू लागली. मदरशाचं लाकडी कोरीवकाम, पाणपोईवरच्या रंगीत फरश्या, सगळं तिनं नीट सांगितलं. पण सी लहबाबींचा एक डोळा घड्याळावर होता.

"तुझे वडील अल्लाल ना? भट्ट्यांना सरपण पोचवणारे?"

"हो, सी," ती अदबीनं म्हणाली.

"खेचरामागं चालणाऱ्याची मुलगी माणसांच्या पुढं चालणार म्हणजे."

शामाचे कान तापले. तिनं पावलं भरभर उचलली.

अर्ध्या वाटेवर ती थबकली. पुढची गल्ली बंद होती. रात्रीतून एक भिंत कलली होती आणि तिला आडव्यातिडव्या वाशांचा टेकू दिला होता. मागं फिरून मोठ्या रस्त्यानं जावं, तर अजान चुकणार. डावीकडं एक बोळ तेवढा उघडा होता.

"त्यात जाऊ नकोस, पोरी," सी लहबाबी या वेळी खरंच कळवळून म्हणाले. "शेवटी भाकऱ्या भाजायची भट्टी आहे, आणि भट्टीमागं भिंत. मी कितीदा आलोय."

तेवढ्यात डोक्यावर कच्च्या भाकऱ्यांची फळी घेतलेली एक बाई बोळात शिरली. समोरून भाजलेल्या भाकऱ्या घेऊन दुसरी आली. एकीला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागलं, तेव्हा कुठं दुसरी निघाली. शामा बघत राहिली. मग बोळात शिरून तिनं दोन्ही हात पसरले. कोपरं पुरती उघडायच्या आधीच बोटं भिंतींना टेकली.

लहानपणी वडील तिला हात पसरून दाखवायचे: सरपण लादलेलं खेचर एवढं रुंद. एवढी जागा नसेल, तर त्या गल्लीत शिरायचं नाही.

"सी," ती म्हणाली, "या भट्टीला रोज निदान तीन खेचरं सरपण लागत असेल. ते इथून आत कसं जातं?"

सी लहबाबी बोळाच्या दोन्ही भिंती निरखू लागले.

"चला," शामा म्हणाली.

भट्टीच्या दारात पिठानं पांढरा झालेला म्हातारा बसला होता. त्याला सगळे बा सालेम म्हणत. "बा सालेम, सलाम. आत येऊ का?"

"ये की. मागच्या बाजूनं जायचं असेल तर..."

"काही सांगू नका," सी लहबाबी ओरडले. "परीक्षा चाललीय."

"माझ्या घरात मीच गप्प बसू?" बा सालेम म्हणाला. "बरं, बसतो."

शामा भट्टीच्या धगीला वळसा घालून पलीकडं गेली. तिथं छताला टेकलेली सरपणाची रास होती. जमिनीवर सालपटं पडली होती आणि त्यांत खुरांचे ठसे उमटले होते. ठशांमागून ती राशीच्या आडोशाला गेली. तिथल्या रुंद, बुटक्या दाराचा अडसर काढला, तसा भस्सकन उजेड आत आला. बाहेर चांगली ऐसपैस गल्ली नेज्जारीनकडं उतरत होती.

लल्ला उम्हानी डोक्यावरचा रुमाल सावरत बाहेर आल्या. बा सालेमनं दिलेली गरम भाकरी हातात धरून सी लहबाबी दारातच उभे राहिले.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी लोकांना इथून परत फिरवलं."

"भाकरी खाऊन घ्या," लल्ला उम्हानी म्हणाल्या. "पुस्तकं मी पण कमी वाचली नाहीत. हे दार एकातही नव्हतं."

ते कारंज्यावर पोचले, हात धुतले, भाकरी संपवली, आणि मग अजान झाली.

बिल्ला सी लहबाबींनी स्वतः लावला. "उद्या मला ती वाट पुन्हा दाखव," ते म्हणाले. "आणि अल्लालला माझा सलाम सांग. नको, मीच येऊन सांगतो."

घरी जाताना शामानं मुद्दाम तीच ऐसपैस गल्ली धरली. वरून सरपणानं लादलेलं खेचर येत होतं. "बालाक, बालाक," मागचा माणूस ओरडत होता. फेझमध्ये हा शब्द कानावर पडला, की अमीर असो वा फकीर, भिंतीला चिकटतो. शामाही सवयीनं बाजूला सरली.

त्या माणसाला तिच्या छातीवरचा बिल्ला दिसला. तो अल्लालच होता. त्यानं लगाम खेचला, खेचराला मागं रेटत रेटत भिंतीशी नेलं आणि स्वतःही पाठ लावून उभा राहिला.

"बालाक," तो खेचराच्या कानात म्हणाला. "आधी तिला जाऊ दे."