झिंग्यांच्या तळ्यावरचा रांजण

मी एक जुना रांजण आहे. माझा काठ फुटलेला आहे आणि मी नासका आहे, असं आमच्या गावात लोक म्हणतात. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी साफ खोटी आहे, आणि जिने ती पसरवली तिच्या घरी मी सात वर्षं इमानाने राबलो. मित्रांनो, इतके दिवस गप्प बसलो. आज मात्र सांगतोच.

माझा जन्म रोहिणखेडचा. कडूबा कुंभाराने मला घडवलं. माती उत्तम होती, कडूबाने थापलंही मनापासून, पण भट्टीत एका बाजूने आच कमी पडली आणि मी एका अंगाने कच्चा राहिलो. माझ्यातल्या पाण्याला मातीचा वास यायचा. मोताळ्याच्या बाजारात दोन आठवडे मी उन्हात उभा होतो. बाया यायच्या, टिचकी मारायच्या, नाक मुरडून पुढे जायच्या. तिसऱ्या आठवड्यात अंबूबाई आली. ती भोयाच्या घरची, नवरा वारलेला, बोलायला फटकळ. तिने मला खालून वरून पाहिलं आणि कडूबाला म्हणाली, पाण्याला नको, म्हशीच्या आंबोणाला होईल. आंबोण म्हणजे म्हशीसाठी भिजवून आंबवलेलं खाणं. पाण्याचा मान गेला म्हणून मला जरा वाईट वाटलं. पण कोणीतरी घरी नेलं, हेही काय थोडं होतं?

म्हैस खरं तर शेजारच्या सुगराबीची होती. अंबूबाई आणि सुगराबी यांच्या घरांमध्ये एकच कुडाची भिंत. म्हैस सुगराबीची, आंबोण अंबूबाईचं, दूध-ताक दोघींचं, असा त्यांचा कारभार चालायचा. माझ्यात ज्वारीचा कोंडा पडायचा, भाकरीचे उरलेले तुकडे, गुळाचा खडा आणि सुगराबीचं तांब्याभर ताक. अंबूबाईचा एक नियम होता. मला पूर्ण रिकामं करायचं नाही आणि कधीही धुवायचं नाही. तळाशी वीतभर जुनं ठेवायचं आणि त्यावरच नवीन घालायचं. माझं कच्चं अंग ते आंबट पाणी पिऊन पिऊन काळं पडलं. लोकांना माझा वास नको वाटायचा. मला मात्र तो माझाच वाटायचा.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सहा वर्षं झाली असतील. गावाबाहेर एक तळं होतं. ग्रामपंचायतीने ते वर्षाच्या बोलीने अंबूबाईला झिंगे वाढवायला दिलं. तिने नळगंगा नदीतून बारके झिंगे धरून आणले, तळ्यात सोडले. मोठे झाले की सुगराबीचा नवरा जहांगीरभाई ओल्या पोत्यात घालून सायकलवरून बाजाराला न्यायचा. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी झिंग्यांच्या पाठीवर काळे डाग आले. मिशा गळायला लागल्या, शेपट्या कुजायला लागल्या, रोज सकाळी काठाला मेलेले झिंगे दिसायला लागले. गावातल्या रंगरावाला ते तळं शिंगाड्यांसाठी हवं होतं. तो रोज काठावर येऊन उभा राहायचा आणि हळहळ दाखवायचा. अंबूबाईला कळत होतं की तळं हातचं गेलं तर तिला दुसऱ्याच्या शेतात निंदायला जावं लागेल, आणि या वयात तिची कंबर ते काम करणार नाही.

आणि मग तिनेच एक गोष्ट पाहिली. म्हशीला आंबोण देऊन झालं की ती बादली तळ्याच्या पायरीशी विसळायची. पायरीजवळचे झिंगे तेवढे स्वच्छ होते! डाग नाही, काही नाही, मिशा हलवत आपले फिरत होते. अंबूबाई कितीतरी वेळ गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने दर चौथ्या दिवशी माझ्यातलं आंबोण पातळ करून सगळ्या तळ्यात शिंपडायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही. तिसऱ्या आठवड्यात मेलेले झिंगे दिसायचे बंद झाले. मित्रांनो, त्या दिवशी तिने माझ्या पोटावरून हात फिरवला. म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. माझ्यावर असा हात आजवर कोणी फिरवला नव्हता.

गोष्ट बोलता बोलता मत्स्य खात्यापर्यंत गेली. भगवंतराव नावाचे एक साहेब आले. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही, उलट वाकून माझा वास घेतला आणि हसले. जमलेल्या लोकांना त्यांनी समजावून सांगितलं. जंतू सगळेच वाईट नसतात, दुधाचं दही करणारे जंतूच आहेत. ते पाण्यात आणि झिंग्याच्या पोटात आधी जाऊन बसले की रोगाच्या जंतूंना बसायला जागा उरत नाही. या बाईने तळ्याला विरजण लावलं आहे, असं ते म्हणाले. आठ दिवसांनी मोठ्या साहेबांना घेऊन येतो, रांजण दाखवायचा आहे, असंही सांगून गेले.

रांजण दाखवायचा आहे! मी फुगलो. खोटं कशाला बोलू, फार फुगलो. आणि तिथेच माझा घात झाला.

साहेब यायच्या आदल्या दिवशी आळीतल्या बाया जमल्या. हा काळा, घाणेरडा, माश्या घोंगावणारा रांजण मोठ्या साहेबापुढे ठेवणार का, म्हणून त्यांनी अंबूबाईला हिणवलं. पाहुणा यायचा म्हणजे सारवण-पोतेरं करायचं, ही आमच्याकडची रीत. अंबूबाईचा चेहरा उतरला. सुगराबी तिला म्हणाली, "अंबू, विरजणाचं गाडगं कोनी घासून धुते का? राहू दे त्याले तसाच." पण लाजेपुढे शहाणपण चालत नाही. अंबूबाईने मला आडवं केलं आणि माझ्यातलं सगळं ओतून दिलं. तळातलं वीतभरसुद्धा. राखेने घासलं, काथ्याने घासलं. मग विहिरीत टाकायची पांढरी पावडर पाण्यात कालवून माझ्या आत चोळली. माझं कच्चं अंग भाजून निघालं. सात वर्षांत माझ्या अंगात जे मुरलं होतं, ते तासाभरात मेलं. मग तिने मला बाहेरून गेरू लावला, त्यावर चुन्याचे ठिपके काढले. पोळ्याच्या बैलासारखा मी सजलो होतो आणि आतून रिकामा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यात नवा कोंडा, नवा गूळ आणि भरपूर पाणी पडलं. ताक घालायचं गडबडीत राहूनच गेलं. मोठे साहेब आले, लांबूनच पाहिलं, वा वा म्हणाले, चहा घेऊन गेले. सगळे खूश. सांगा आता, माझं कौतुक झालं त्या दिवशी माझ्यात कौतुक करण्यासारखं काय होतं?

त्या नव्या कोंड्याला दोन दिवसांत तार सुटली. आंबट वास नव्हता, कुजका होता. अंबूबाईने झाकण काढलं, नाक आवळलं आणि क्षणभर थांबली. तिला कळलं होतं. मी शपथेवर सांगतो, तिला कळलं होतं. पण साहेबांनी पाठ थोपटली होती आणि चौथा दिवस आला होता. तिने ते तसंच तळ्यात शिंपडलं, आणि पुढच्या चौथ्या दिवशी पुन्हा शिंपडलं. पंधरा दिवस झाले नाहीत तोच काळे डाग परत आले. एका सकाळी तळ्याचा अर्धा काठ मेलेल्या झिंग्यांनी भरून गेला.

गाव जमलं. मला तळ्याच्या पायरीशी आणून ठेवलं होतं. रंगराव म्हणाला की आता तरी हे तळं बाईकडून काढून घ्या. सरपंच उकंडराव सभ्य माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "अंबूबाई, तुमी कायी बदललं का? खरं सांगा."

ती माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता सांगेल. फटकळ बाई ती, कोणाला भिणारी नव्हती. धुतलं म्हणून सांगेल, लोक दोन शब्द बोलतील आणि विषय संपेल. तिने पदर सावरला.

"म्या काय बदलनार? रांजनच नासका निघाला. त्याच्यातच कीड हाये."

सुगराबी तिच्या शेजारी उभी होती. तिने तोंड उघडलं, अंबूबाईकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. तिच्या घरचं ताक मी सात वर्षं सांभाळलं होतं. एक शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण मैत्रीण मैत्रिणीचीच असते, रांजणाची कोण असते! कोणीतरी मला लाथ मारली. पायरीवर आपटून माझा काठ फुटला. दोष माझा ठरला, म्हणून तळं अंबूबाईकडेच राहिलं.

तिने लगेच नवा रांजण आणला. पहिल्याच दिवशी त्यात सुगराबीचं ताक घातलं, तळाशी वीतभर जुनं ठेवायला लागली, आणि धुण्याचं तर नावच काढलं नाही. पाच-सहा आठवड्यांत राहिलेले झिंगे सुधारले. म्हणजे चूक काय होती, हे तिला पुरतं ठाऊक होतं. नवा रांजण गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मी उकिरड्याच्या कडेला पडलो. झिंगे मारणारा रांजण म्हणून आया पोरांना मला हातसुद्धा लावू देत नाहीत.

काल दुपारी अंबूबाई इथे आली. आजूबाजूला कोणी नाही, हे तिने आधी पाहिलं. मग माझ्याजवळ उकिडवी बसली, फुटक्या काठावर हात ठेवला आणि हळू आवाजात बोलली.

"चूक माही होती रे. तुले म्याच धुतलं. पन तवा बोलली असती त तळं गेलं असतं. म्या काय खाल्लं असतं?"

तिचे डोळे भरून आले होते. मित्रांनो, माझा सगळा राग त्याच क्षणी विरघळायला लागला. तळं गेलं असतं, हे खरंच होतं. तिची कंबर मला माहीत होती. मी मनात म्हटलं, जाऊ दे, झालं गेलं.

इतक्यात वाटेवरून रंगरावाची बायको कौशल्याबाई आली. तिने हटकलं, "काऊन वं अंबूबाई, त्या रांजनापाशी काय करून राह्यली?"

अंबूबाईने झटकन हात काढून घेतला. उभी राहिली, पदराला हात पुसला.

"कायी नाई वं. ह्या नासक्या रांजनात साप-बिप त नाई बसला, पाहून राह्यली होती."

आणि दोघी बोलत बोलत गावाकडे निघून गेल्या.

मित्रांनो, कुंभाराच्या भट्टीतसुद्धा मी इतका भाजलो नव्हतो. माझं एवढंच ऐका. ज्याच्या जिवावर तुमचं चाललं आहे त्याला नटवण्याआधी तो आतून कसा जगतो, हे विचारा. आणि कोणाला चारचौघांत नासकं म्हटलं असेल, तर माफीही चारचौघांतच मागा. उकिरड्यावर येऊन, कोणी नाही पाहून मागितलेली माफी माझ्या काय कामाची? उद्याही इथून जाणारी पोरं मला दगडच मारणार आहेत.