गल्लीतली सगळी डोकी सारखी

आमच्या गल्लीतल्या पुरुषांची डोकी एकसारखी दिसायला लागली, तेव्हा मी आधी खूश झाले. म्हटलं, धंदा चाललाय. बँकेतला कॅशियर, बेकरीवाला, शाळेचे हेडमास्तर, मागून बघितले तर सगळी एकाच आईची मुलं. कान उघडे, मान उघडी, टाळूवर नुकतंच गवत कापल्यासारखे केस.

सलून आमचं. कात्री नवऱ्याची, टॉवेल, गल्ला आणि गिऱ्हाइकांच्या घरची खबरबात माझ्याकडे. दाराजवळच्या बाकड्यावर पेपर घेऊन थोरले दीर. नवऱ्याला कात्री धरायला त्यांनीच शिकवलं. आता त्यांच्या हाताचं प्रत्येक बोट वेगळ्या दिशेचा पत्ता सांगतं आणि चहाचा कप ते दोन्ही तळव्यांत दाबून धरतात.

दोघा भावांना वडिलांकडून दोनच गोष्टी मिळाल्या, हे सलून आणि सोरायसिस. सलून अर्धं अर्धं वाटून घेतलं, सोरायसिस मात्र दोघांना पूर्ण मिळाला. नवऱ्याची कोपरं आणि डोकं कायम खवल्यांनी भरलेलं. कुणी नाक मुरडून विचारलं, "हा कोंडा का हो?" तर तो आरशात बघून म्हणतो, "हो, तुमचाच उडालाय." हा आजार कुणाला लागत नाही, हे वर्षानुवर्षं सांगून कंटाळल्यावर माणूस असाच बोलायला लागतो.

तर एक दिवस कॅशियरची बायको तणतणत आली.

"वहिनी, माझा नवरा माणसासारखा आत गेला आणि टेनिसच्या चेंडूसारखा बाहेर आला! पुढच्या आठवड्यात भाचीचं लग्न आहे. फोटोत काय टोपी घालून उभा करू?"

"फॅशन आहे ती," नवरा पाठमोराच म्हणाला.

मी तिला शांत करून पाठवलं, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. कॅशियर सकाळी आला होता. बेकरीवालाही सकाळचाच. दुपारी आलेला पोस्टमन मात्र व्यवस्थित भांग घेऊन गेला होता.

"ही फॅशन सकाळचीच असते का हो?" मी विचारलं. "जेवण झालं की उतरते?"

नवरा केस भादरायच्या मशीनला तेल घालत बसला. भाऊजींनी पेपर खाली ठेवला.

"मूठ वळ," ते म्हणाले.

"दादा, गिऱ्हाईक बसलंय."

"मग गिऱ्हाइकाला दाखव. मलाही इथून दिसेल."

नवऱ्याने मूठ वळली. बाकीची बोटं मिटली, मधलं तसंच ताठ राहिलं. गाजरासारखं सुजलं होतं. रोज त्या हाताला टॉवेल देणारी मी, मला दिसलं नव्हतं, कारण टॉवेल तो हल्ली डाव्या हाताने घ्यायचा.

"माझ्या वेळी चांगलं मशीन नव्हतं," भाऊजी म्हणाले. "मी सकाळी गिऱ्हाइकांशी भांडायचो. चिडून निघून जायची, दुपारी परत यायची, तोवर बोटं सुटलेली असायची. लोक म्हणायचे, थोरला मोठा कलाकार, म्हणून डोकं गरम. कलाकार कसला बोडक्याचा! आखडलेला होतो."

"आणि डॉक्टरला सांगितलं नाहीत?"

"अगं, तो कातडीचा डॉक्टर. त्याला बोटं कशाला दाखवायची? त्याने मलम दिलं, मी लावलं." त्यांनी दोन्ही तळव्यांत कप उचलला. "कातडी बघ, कशी छान आहे."

खुर्चीतलं गिऱ्हाईकसुद्धा हसलं नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई आमच्या ओळखीच्या. दर भेटीत त्या विचारायच्या, "सांधे कसे आहेत?" आणि नवरा म्हणायचा, "उत्तम." मी त्याला त्यांच्याकडे नेलं, तर या वेळीही तोंड उघडून 'उ' म्हणाला.

"साफ खोटं," मी म्हटलं. "सकाळी बोटं मिटत नाहीत. अर्धी गल्ली भादरून ठेवलीय याने. हवं तर साक्षीला आणते."

बाईंनी एकेक बोट दाबलं. नखं उजेडात धरली. टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते त्यांवर.

"टाच दुखते?"

"उभ्याचं काम आहे, दुखणारच," नवरा म्हणाला. हे मलाही नवीनच.

"मी दर वेळी विचारते, तुम्ही दर वेळी उत्तम म्हणता. कातडी संपली की दुसऱ्या कुणाचं शरीर सुरू होतं, असं वाटलं का?"

"मला वाटलं, ते तुमच्या खात्यात येत नाही."

"तो आजार खाती बघत नाही. सोरायसिस असलेल्या सगळ्यांचे सांधे धरत नाहीत. पण नखांत आणि डोक्यात असला, तर जास्त लक्ष ठेवावं लागतं. घरात आणखी कुणाला आहे?"

नवरा आपल्या तळव्यांकडे बघायला लागला. त्याच्या डोळ्यांपुढे तो कप आला असणार.

संधिवाताच्या डॉक्टरांनी एक्सरे काढले, रक्त तपासलं. हाडं अजून शाबूत होती. "झिजलेलं हाड मला परत आणता येत नाही," ते म्हणाले. "झिजण्याआधी अडवायचा प्रयत्न करता येतो. हमी देत नाही, पण तुम्ही वेळेत आलात." कातडी आणि सांधे दोन्हींवर चालेल असं औषध दिलं आणि वर सिगारेट बंद, पोट कमी.

"सिगारेट गेली, पोट जाणार," नवरा जिन्यात कुरकुरला. "मग माझं म्हणून राहिलं काय?"

"बोटं."

पहिले काही आठवडे काहीच फरक नाही. नवरा सिगारेटवाचून सगळ्यांवर फणफणायचा, औषध बंद करतो म्हणायचा. तसं म्हणाला की भाऊजी बाकड्यावरून शांतपणे हाक मारायचे, "जरा माझा कप धर रे." तो कप धरायचा आणि मुकाट्याने औषध घ्यायचा.

भाऊजींनी एक शपथही घेतली होती, मशीनला डोकं देणार नाही, आणि कात्री लागेल ती सकाळीच, दुकान उघडल्या उघडल्या. केस वाढून खांद्यावर आले. कातरलेल्या मेंढ्यांच्या कळपात एकच राहून गेलेली मेंढी, असे ते बाकड्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "न्हाव्याचा भाऊ आहे मी."

मग एका सकाळी मी भाऊजींबरोबर दुकानात आले, तर शटर आधीच वर आणि नवरा आत कोरडीच कात्री चालवत उभा. मधलं बोट अजून थोडं जाड होतं, पण मिटत होतं.

"दादा," तो म्हणाला, "या."

भाऊजी खुर्चीत बसले. मी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. कात्री हळू सुरू झाली, मध्येच थांबली. नवऱ्याने हात झटकला, पुन्हा धरली. आरशात दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. मी टॉवेलच्या घड्या घालत होते, त्याच त्याच.

मला कापड हलताना दिसलं. आधी वाटलं, भाऊजींना थंडी वाजतेय. नीट पाहिलं, तर कापडाखाली त्यांची वाकडी बोटं कात्रीबरोबर चालली होती, उघड-मीट, उघड-मीट, जमेल तेवढी.

केस जमिनीवर पडत राहिले. शेवटी नवऱ्याने मानेवर ब्रश फिरवला आणि मागे सरकला.

भाऊजींनी डोकं इकडून तिकडून वळवून बघितलं.

"डावीकडे जास्त गेलंय," ते म्हणाले.

"नाही गेलेलं."

"गेलंय. उद्या सकाळी परत बघू. याच वेळेला."