चुन्याची रेघ

आपण पोरावर कधी हात उचलायचा नाही, हे बाळासाहेब साळव्यांनी लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. त्यांचे वडील चर्चमध्ये प्रार्थना चालवायचे आणि घरी पोराला छडीनं वळण लावायला सांगणारं बायबलातलं वचन तंतोतंत पाळायचे. कृपा झाली तेव्हा बाळासाहेब चाळिशीला टेकले होते. मारायचं नाही म्हणता म्हणता तिला 'नाही' म्हणणंच सुटलं. आठ वर्षांची कृपा मोबाइल समोर असल्याशिवाय घास घेत नसे, आणि झोपायची मनाला येईल तेव्हा.

दिवाळीनंतर तिनं कुत्र्याचं पिल्लू आणलं, टायगर. तीन महिन्यांत त्यानं घर डोक्यावर घेतलं. चपला फाडायच्या, ताटात तोंड घालायचं, आणि दिवस कलला की फाटकातून सुसाट उसात. त्यांच्या राजुरी गावात उसात बिबट्या असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. गेल्याच आठवड्यात वस्तीवरची दोन कुत्री त्यानं नेली होती.

शेजारच्या सोमाजींचं कुत्रं मळ्यात मोकळं असूनही हाकेबाहेर जात नसे. बाळासाहेबांनी त्यांना गाठलं.

"भाऊ, मला मारून शिकवायचं नाही," त्यांनी आधीच सांगितलं.

"मारायचं कोण म्हणतंय? मारलेलं कुत्रं भितं, शिकत न्हाई." सोमाजींनी फाटकाच्या आत चुन्याची रेघ ओढली. "हितं 'थांब' म्हणायचं. एकदाच. वलांडली तर उचलून माघारी आणायचं. थांबला तर भाकरीचा तुकडा. आज न्हाई म्हणलं तर उद्या बी न्हाईच. तुमी दमला का त्यो जिंकला बघा."

पहिल्या दिवशी बाळासाहेबांनी टायगरला तीसेक वेळा माघारी आणलं. कंबर धरली. बाराव्या दिवशी टायगर रेघेशी आला, बसला आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागला. त्या नजरेत भीती नव्हती. आपण वडिलांकडे कधी असं बघितलं होतं का, हे बाळासाहेबांना आठवेना.

त्याच दिवशी त्यांनी कृपाला सांगितलं, "दिवस मावळल्यावर रेघेपलीकडे जायचं नाही. गेलीस तर शनिवारची चर्चच्या संडे स्कूलची सहल नाही." सहल नाणेघाटाला होती.

गुरुवारी तिन्हीसांजेला चेंडू रस्त्यापलीकडे गेला. कृपा धावली, तिच्यामागं टायगर. बाळासाहेब ओसरीवरून उठेपर्यंत दोघं उसाच्या बांधावर. झालं काहीच नाही. दोघं उड्या मारत परत आली.

"कृपा, सहल नाही."

तिला आधी खरंच वाटेना. मग ती रडली, जेवली नाही, "तुम्ही वाईट आहात" म्हणाली. शुक्रवारी त्यांची बायको तेजस्विनी हळूच म्हणाली, "अहो, सगळी पोरं चाललीत. एवढ्या वेळेला सोडा की."

त्यांचाही जीव तुटत होता. दिवसभरात 'जा' हा शब्द तीनदा ओठांवर आला आणि त्यांनी तो गिळला.

सहलीला पोरांबरोबर तेही जाणार होते, पण त्यांनीही जाणं रद्द केलं. शनिवारी गाडी गेली तेव्हा ते ओसरीवर मटार सोलत बसले. दुपारपर्यंत कृपा आतच होती. मग येऊन जरा लांब बसली. थोड्या वेळानं एक शेंग उचलली.

"आजोबा तुम्हाला मारायचे ना?"

"मारायचे."

"मग मला का नाही मारलं?"

"मला नुसता मार आठवतो, कृपा. चूक काय केली होती, ते एकदाही आठवत नाही."

तिनं चार दाणे तोंडात टाकले. "आत्ता मी खूप रडले, तर?"

"तरी सहल नाहीच. पण मी इथंच बसेन."

ती सरकून त्यांना टेकली. उरलेल्या शेंगा दोघांनी मिळून सोलल्या.

संध्याकाळी पोरं परतली, दरीतल्या वाऱ्याच्या गोष्टी सांगू लागली. ऐकताना कृपाचे डोळे पुन्हा भरले. पोरं गेल्यावर तिनं विचारलं, "पप्पा, पुढच्या सहलीला माझं नाव कोण देणार?"

"तूच दे," बाळासाहेब म्हणाले. "रेघ कुठं आहे, ते तुला माहीत आहे."