उजळनाथाचा तिसरा डोळा

गुरुवारी आणि रविवारी माले गावात जीपगाड्यांची रांग लागे. पौडकडून, भूगावकडून, पार घाटाखालून माणसं येत आणि पत्र्याच्या मंडपात दाटीवाटीनं बसत. समोर चौथऱ्यावर उजळनाथाची काळीभोर मूर्ती आणि तिच्या कपाळावर करवंदाएवढा लाल डोळा. भक्तानं गाऱ्हाणं घालायचं, गेणबा महाराजांनी दंड आपटायचा आणि देवानं काम अंगावर घेतलं असेल तर तो डोळा लुकलुक पेटायचा. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत!

"ही ब्रह्मांडाची लहर हाय!" महाराज गर्जत. "अमेरिकेच्या यंत्राला घावायची न्हाई. म्हणून सांगतो, मोबाइल भाईर ठेवा. देवाला यंत्राचा विटाळ चालत न्हाई!"

दाराशी पितळी परात होती. तिच्यात सगळ्यांचे फोन पडत आणि महाराजांचा शिष्य चंद्रकांत त्यांवर नजर ठेवी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत महाराज लग्नसमारंभांना लाउडस्पीकर भाड्यानं देत. त्यामुळे गर्जना चांगली कमावलेली होती.

या गर्दीत त्या गुरुवारी शैलेश होता. परभणीचा, इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, बावधनच्या एका कंपनीत नोकरीला. मोबाइलच्या पोटात टॉवरशी बोलणारे भाग असतात: एक लहर जोरकस करून बाहेर सोडणारा, एक अँटेना इकडची तिकडे जोडणारा, एक नको त्या लहरी गाळणारा. आजवर प्रत्येक कारखान्याचा भाग वेगळ्या तारांवर, वेगळ्या हुकमांवर चाले. त्या साली, म्हणजे २०१० साली, कंपन्यांनी मिळून एकच भाषा ठरवली होती. तारा दोनच, हुकूम ठरलेले, मग भाग कोणाचाही असो. मुख्य चिपनं 'बोल' म्हटलं की तो जोरकस भाग वेळेवर बोलतो की नाही, हे शैलेश दिवसभर पडद्यावर तपासत असे. इतकं बारीक बघणाऱ्या माणसाला कोणी बाबा फसवू शकणार नाही, असं त्याचं स्वतःबद्दल ठाम मत होतं.

तो आला होता घरमालकीण गंगूबाईंसाठी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं होतं आणि उशीर केला तर उरलीसुरली नजरही जाईल, असं बजावलं होतं. पण गंगूबाईंचं एकच म्हणणं, "देवाचा कौल घेतल्याबिगर मी सुरी लावून घ्यायची न्हाई."

"चला मावशी, मीही येतो," शैलेश म्हणाला. मनात म्हणाला, बघतोच त्या डोळ्याकडे.

त्याच्या खिशात कंपनीचा, अजून बाजारात न आलेला फोन होता. तो कोणाच्याही हाती द्यायचा नाही, असा कंपनीचा नियम. तेव्हा परातीत त्यानं नुसताच हात फिरवला आणि फोन पँटच्या खिशातच राहू दिला. आवाज तेवढा बंद केला.

गंगूबाईंना धरून तो चौथऱ्याला अगदी खेटून बसला. त्यांनी हात जोडले. "देवा, डाक्टर म्हंतोय कापायचं. तू बघतोस का माझं?"

अशा वेळी महाराज सावध असत. सासू-सुनेचं भांडण, म्हशीचं आटलेलं दूध यांना देव लगेच पावे. छातीत कळ निघाली असं कोणी म्हटलं की देव हटकून गप्प राही आणि भक्त मुकाट दवाखान्याची वाट धरी. आताही महाराजांनी मान हलवली. "बाई, देव काय बोलत न्हाई. तुमी आपलं दवाखान्या..."

आणि डोळा पेटला.

महाराजांचं तोंड उघडंच राहिलं. मंडपात सगळ्यांत जास्त कोण दचकलं असेल तर महाराजच. पण जुना धंदा कामी आला. दंड आपटून ते ओरडले, "कौल झाला! देवानं बाईला पदरात घेतलं!"

पाठोपाठ शैलेशच्या मांडीवर फोन थरथरला. त्याच्या तर्कशुद्ध डोक्यानं झटक्यात हिशेब केला: डोळा आधी पेटला, फोन नंतर आला. नंतर आलेली गोष्ट आधीच्या गोष्टीचं कारण असू शकत नाही. म्हणजे फोनचा संबंध नाही. म्हणजे... आणि त्याचे हात आपसूक जोडले गेले.

घरी येताच गंगूबाईंनी डोळ्यांत घालायचे थेंब फडताळात टाकून दिले.

"मावशी, असं करू नका. नजर एकदा गेली की परत येत नाही."

"आन् तू रं? एवढा शिकलेला तू, हात कशाला जोडलंस मग?"



दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं शेजारच्या टेबलावरच्या मृण्मयीला सगळं सांगितलं.

"अरे, काल दुपारी फोन मीच केला होता. उचलला का नाहीस?"

"तेच तर! डोळा आधी पेटला, फोन नंतर थरथरला. कारण आधी असतं, परिणाम नंतर."

मृण्मयीनं त्याच्याच टेबलावरच्या पडद्याकडे बोट केलं. "हे काय आहे?"

"'बोल' हा हुकूम."

"आणि घंटी?"

"घंटी फार नंतर. टॉवर हाक मारतो, फोन आधी ओरडून 'हजर' म्हणतो, मग त्यांची बोलणी होतात, मग कुठे घंटी..." शैलेश थांबला.

"थांबलास का? महिनाभर मला हेच शिकवतोयस. आणि तुमच्या माले गावात रेंजचा दुष्काळ. तिथं तर फोन बेंबीच्या देठापासून ओरडत असणार."

तेवढ्यात तिच्या फोनला लटकवलेलं प्लॅस्टिकचं हृदय लुकलुकलं आणि मग फोन वाजला. लक्ष्मी रोडच्या फुटपाथवरचं खेळणं. आत एक इवला दिवा आणि तारेचं वेटोळं. फोन ओरडला की त्या लहरीवरच दिवा पेटतो, सेल लागत नाही. वर्षभर ते हृदय शैलेशच्या नाकासमोर लुकलुकत होतं आणि त्यानं त्याच्याकडे 'पोरकट' एवढ्याच नजरेनं पाहिलं होतं.

म्हणजे कौल देवानं दिला नव्हता, महाराजांनीही दिला नव्हता. मावशींचे थेंब बंद करणारा चमत्कार शैलेशच्या खिशानं केला होता.

त्यानं ते हृदय मागून घेतलं आणि संध्याकाळी गंगूबाईंना पेटवून दाखवलं. त्यांनी ते डोळ्याजवळ धरून पाहिलं. "हे खेळणं हाय. देवाचा डोळा येगळा."

तेव्हा रविवारी तो पुन्हा चौथऱ्याला खेटून बसला. गंगूबाई शेजारी. मृण्मयी मंडपाबाहेर, तिथून दिसेल अशी उभी. शैलेशनं कान खाजवला, ही तिनं फोन लावायची खूण, आणि मोठ्यानं विचारलं, "देवा, हे महाराज आम्हाला फसवतात का?"

डोळा लुकलुक पेटला.

मग एक म्हातारा धडपडत उठला आणि त्यानं शैलेशचे पाय धरले. "माउली! देव तुमच्याशी बोलतोय!" मागून कोणीतरी आरोळी दिली, "शैलेश महाराज की जय!"

शैलेशनं घाईनं पाय सोडवून घेतले. गावातला एक महाराज घालवायला तो आला होता, आणि आता दोन होत होते. त्यानं घाईघाईनं फोन बाहेर काढून उंच धरला. "देव नाही हो, हा बोलतोय! मावशी, हा धरा. काय वाट्टेल ते विचारा."

गंगूबाईंनी फोन मूर्तीजवळ नेला. "देवा, आपरेशन नको ना?" बाहेरून मृण्मयीनं फोन लावला. डोळा पेटला. "मग करू ना आपरेशन?" तिनं पुन्हा लावला. पुन्हा पेटला.

"हा तर दोन्हीला व्हय म्हंतोय!" गंगूबाई म्हणाल्या. "इलेक्शनच्या आदल्या दिवशी सरपंच म्हंतो तसं."

हशा पिकला. महाराज गरजले, "विटाळ झाला! देव कोपणार!"

"चंद्रकांत," शैलेश म्हणाला, "तुझा फोन परातीत दिसत नाही. खिशातला हात बाहेर काढ."

शेजारच्या दोघांनी तो काढायला मदत केली. शैलेशनं स्वतःचा फोन मृण्मयीकडे पाठवून दिला आणि चंद्रकांतच्या फोनवरून शेवटचा नंबर पुन्हा लावला. डोळा पेटला. मूर्तीखालचा फुलांनी झाकलेला पाट उचलला, तर तिथं एक फोन मुक्यानं चमकत होता आणि मूर्तीला मागून पाडलेल्या भोकातून तारेचं एक वेटोळं थेट कपाळापर्यंत गेलं होतं.

"चंद्या, ह्यो देवाचा नंबर हाय व्हय?" कोणीतरी ओरडलं. "दे की, आमीबी मिस कॉल मारतो!"

शैलेश चौथऱ्यावर चढला. भाषणाची सवय नव्हती. "डोळा पेटतो हे खरं आहे. तुम्ही खोटं पाहिलं नाही. पण पेटला म्हणून हात जोडू नका, का पेटला ते विचारा. मी रोज हेच काम करतो, तरी गुरुवारी विचारायच्या आधी हात जोडून बसलो, आणि मावशींची नजर जायची पाळी आली. शिकलेला माणूस विचारत नसेल तर त्याच्याही मागे जाऊ नका. माझ्याही नाही."

"तुझ्यामागं कोण येतंय!" गंगूबाई म्हणाल्या. "उतर खाली, पडशील."

सोमवारी पुण्याच्या दवाखान्यात गंगूबाईंनी डॉक्टरांना खुर्चीतून उठू दिलं नाही. काचबिंदू कशानं होतो? न्हाई कापलं तर काय? कापून काय करता? डोळ्यातलं पाणी अडून नस दाबली जाते, त्या पाण्याला वाट करून देतो, असं डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून सांगितलं.

"मग मला पैल्यासारखं दिसंल?"

"नाही आजी. गेलेली नजर येणार नाही. उरलेली टिकवायचा प्रयत्न करू. पुढेही तपासत राहावं लागेल."

"म्हंजे चमत्कार न्हाई."

"नाही."

गंगूबाई शैलेशकडे वळून म्हणाल्या, "ह्यो माणूस खरं बोलतोय. सांग त्याला, कर म्हणावं."